देवराईच्या बांधावरचं पडीक शेत

माझ्या मामाची दीड एकर वरकस जमीन आहे, ताम्हिणीच्या रस्त्याला, मुळशी धरणाच्या वरच्या अंगाला, आणि तिचा वरचा बांध संपला की थेट वाघजाईची राई, म्हणजे देवीच्या नावानं राखलेलं रान, सुरू होते. वरकस म्हणजे डोंगरउतारावरची हलकी जमीन, जिथं पाणी थांबत नाही म्हणून भात होत नाही, नाचणी नि वरई होते. आजोबा होते तोवर दोन-तीन वर्षं पीक घ्यायचं आणि मग चार-पाच वर्षं जमीन पडीक ठेवायची असं चालायचं, नंतर मामेभाऊ पुण्यात नोकरीला आले, मामाचे गुडघे गेले, आणि आता वीसेक वर्षं तिथं नांगर लागलेला नाही. अशी पडीक जमीन त्या भागात दिसली की दोन प्रकारचे लोक येतात, एक प्लॉटिंगवाले आणि दुसरे आमच्यासारखे शहरातून झाडं लावायला येणारे.

पाच वर्षांपूर्वी जुलैमध्ये आम्ही कोथरूडच्या सोसायटीतले वीस-बावीस जण दोनशे रोपं घेऊन तिथं गेलो. वड, पिंपळ, कडुनिंब, बहावा, कांचन, जे नर्सरीत मिळालं ते. खड्डे करायला जागा मोकळी हवी म्हणून करवंदाच्या जाळ्या तोडल्या, मामा बांधावर बसून बघत होता, तो एवढंच म्हणाला, "अगं पोरी, करवंदीला कशाला हात लावतीस, तिच्या पोटात बघ की काय काय हाय." आम्ही बघितलं नाही. पुढच्या मार्चमध्ये खालच्या रस्त्यावरून वणवा चढला, गवत गेलं, गवताबरोबर रोपं गेली, मे महिन्यात मोजली तर अकरा उरली होती आणि ती पण पावसाळ्यात कुजली. पण एका कोपऱ्यात काटे फार म्हणून आम्ही जी जाळी सोडून दिली होती, तिच्या आत गुडघाभर उंचीची अंजनी होती चार-पाच, दोन जांभळं होती आणि एक हिरड्याचं रोप. ती कुणीच लावली नव्हती. तेव्हापासून मी हा विषय धरून बसलेय, वाचतेय, विचारतेय, दर महिन्याला जाऊन बघतेय, आणि जे समजलं ते इथं सोपं करून लिहितेय, कारण पुण्याच्या पश्चिमेला अशी शेकडो पडीक शेतं राईच्या कडेला पडलीयेत आणि त्यांचं काय करायचं हे ठरवणारे आपणच लोक आहोत.

आधी हे जंगल कुठलं ते बघू. पुणे शहरात वर्षाला साधारण सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तिथून पन्नास-साठ किलोमीटरवर ताम्हिणीला सहा हजार मिलिमीटरच्या वर. म्हणजे आठपट, आणि गाडीनं दीड-दोन तासांचं अंतर. अरबी समुद्रावरून आलेला ओला वारा सह्याद्रीच्या भिंतीवर आपटतो, वर चढतो, वर हवा थंड म्हणून वाफेचं पाणी होतं आणि सगळा भार घाटमाथ्यावर ओतला जातो, मग उरलेला वारा पूर्वेकडे उतरताना गरम आणि कोरडा होत जातो, त्यामुळे पौड सोडून पिरंगुटला येईपर्यंतच फरक दिसायला लागतो. घाटमाथ्याच्या त्या चिंचोळ्या ओल्या पट्टीत जे मूळचं जंगल आहे ते सदाहरित किंवा निमसदाहरित, आपल्याकडचं वर्षावन म्हणायचं तर तेच. केरळातल्यासारखी आभाळाला टेकलेली झाडं मात्र इथं नसतात. पाऊस केरळपेक्षा कमी नाही, उलट ताम्हिणीत जास्तच, पण तो चार महिन्यांतच पडतो आणि पुढे नोव्हेंबर ते मे सहा-सात महिने कोरडे जातात. त्यात काळ्या कातळावर मातीचा थर पातळ. म्हणून इथलं जंगल दहा-पंधरा मीटर उंचीचं, गच्च आणि बुटकं. अंजनी, जांभूळ आणि पिसा ही त्याची मुख्य तीन झाडं, महाबळेश्वरपासून भीमाशंकरपर्यंत याच तिघांच्या नावानं ते जंगल ओळखलं जातं. अंजनी म्हणजे ते झाड ज्याच्या फांद्यांना उन्हाळ्यात निळ्या-जांभळ्या फुलांचे गुच्छ थेट लाकडाला चिकटून येतात, ज्यांनी पाहिलंय ते विसरणार नाहीत.

हे जंगल आता सलग फार थोड्या ठिकाणी आहे. भीमाशंकर अभयारण्य १९८५ साली झालं, सुमारे १३१ चौरस किलोमीटर, ताम्हिणी अभयारण्य २०१३ साली, सुमारे ५० चौरस किलोमीटर. बाकी जे उरलंय ते तुकड्या-तुकड्यात, आणि त्यातले बरेच तुकडे देवरायांमुळे उरलेत. भोवती सगळीकडे नाचणी, राब म्हणजे रोपांची जागा पेरणीआधी भाजण्यासाठी तोडलेल्या फांद्या, कोळशासाठी तोडलेलं लाकूड, आणि मध्ये देवाची म्हणून हात न लावलेली दोन-चार एकर राई. वाळकी काटकी पण उचलायची नाही, कुणाला झाड लागलंच तर देवीला कौल लावायचा आणि तिनं नाही म्हटलं तर नाही. या राया नुसत्या श्रद्धेच्या जागा नाहीत, मूळ जंगलाचा तिथं जिवंत नमुना आहे, हे अभ्यासातून मांडलं ते पुण्याच्याच दोघांनी, माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी, १९७० च्या दशकात. गावोगाव फिरून त्यांनी रायांची नोंद केली आणि त्या टिकवा असं तेव्हाच सांगितलं. मला याचा मनापासून अभिमान वाटतो, कारण त्या काळात जंगल म्हणजे लाकूड असाच हिशेब सगळीकडे चालायचा.

आता मुद्द्याचं गणित. राई टिकली म्हणजे जंगल टिकलं असं आपल्याला वाटतं, पण तुकडा छोटा असला की तो कडेनं झिजत जातो. जंगलाच्या कडेला ऊन तिरपं आत घुसतं, वारा आत घुसतो, पाचोळा वाळतो, गवत आणि तण आत सरकतं. ही झीज आत तीस मीटरपर्यंत पोचते असं धरू, मी कमीच धरतेय. एक एकर चौकोनी राई घेतली तर तिची एक बाजू साधारण चौसष्ट मीटर. दोन्हीकडून तीस-तीस मीटर गेले की मधे उरले चार मीटर. चार बाय चार, म्हणजे एका खोलीएवढं खरं जंगल. एक हेक्टर म्हणजे शंभर बाय शंभर मीटर घेतलं तर मधे चाळीस बाय चाळीस उरतं, शंभरातले सोळा भाग. दहा हेक्टर घेतलं तर मात्र शंभरातले पासष्ट भाग वाचतात. तुकडा लहान होत जातो तसं आतलं जंगल नुसतं कमी होत नाही, ते झपाट्यानं संपतं.

यावर जगातला सगळ्यात मोठा प्रयोग ब्राझीलमध्ये झाला, मनाऊस शहराच्या उत्तरेला, १९७९ साली सुरू झाला आणि पुढची कित्येक दशकं चालला. तिथं गुरं पाळायला मोठं जंगल तोडणं चालूच होतं, थॉमस लव्हजॉय या शास्त्रज्ञानं त्या मालकांना पटवलं की तोडताना मधेमधे मोजून तुकडे सोडा, एक हेक्टरचे, दहा हेक्टरचे, शंभर हेक्टरचे. असे अकरा तुकडे सुटले आणि मग लोक वर्षानुवर्षं मोजत बसले की आत काय काय मरतं. कडेपासून तीनशे मीटरपर्यंतची मोठी झाडं आतल्यापेक्षा जवळपास तिप्पट वेगानं मेली. लष्करी मुंग्यांच्या झुंडीमागे फिरून किडे खाणारे पक्षी छोट्या तुकड्यांतून निघूनच गेले, कारण मुंग्यांच्या एका झुंडीला जेवढा इलाखा लागतो तेवढा त्या तुकड्यात नव्हता. आपल्या राईत त्या मुंग्या नाहीत, पण हिशेब तोच लागू होतो, धनेशाला, उदमांजराला, शेकरूला दोन एकरात पोट भरता येत नाही, ते इथं येतात आणि पुढच्या राईत जातात, मधलं अंतर त्यांना ओलांडता आलं पाहिजे.

म्हणजे बांधापलीकडचं पडीक शेत हे राईचं अंगण आहे. त्यावर झुडपी रान उभं राहिलं की वारा आणि ऊन राईच्या आधी त्या रानाला लागतं, राईची कड मिटते, आतले चार मीटर दहा होतात, वीस होतात. राई वाचवायची असेल तर कुंपण राईला घालून भागत नाही, हे मला फार उशिरा कळलं.

पण त्या शेतात रान येणार कुठून? इथं बियांची गोष्ट नीट समजून घ्यावी लागते, कारण माझ्या मते सगळ्या विषयाची किल्ली तीच आहे. आपण बी म्हटलं की डब्यात ठेवलेली ज्वारी आठवतो, वाळवली की वर्षभर टिकते. बाभळीचं, बहाव्याचं बी तसंच, कवच टणक, मातीत वर्षानुवर्षं पडून राहतं आणि संधी मिळाली की उगवतं. पण ओल्या जंगलातल्या बऱ्याच झाडांचं बी असं नसतं. जांभळाची बी वाळवून ठेवली की मेली. आंबा, फणस तसेच. ही बी ओलीच जन्मते, ओलीच पडते, आणि लगेच रुजायची असते, म्हणून जांभूळ बरोबर जूनच्या तोंडावर पिकतं, बी पडते, पाऊस येतो, ती मातीत शिरते. कोरडा उन्हाळा मातीत काढायची तिची ताकदच नाही. याचा अर्थ असा की अशा झाडांचा जमिनीत साठा नसतो. जमीन खणून त्यांच्या जुन्या बिया सापडत नाहीत. साठा उभ्या झाडांवर असतो, दरवर्षी नवा तयार होतो आणि दरवर्षी संपतो. राई गेली की ती बँकच गेली, मग शेत शंभर वर्षं पडीक ठेवा, जांभूळ एखादं येईल कुणी माणसानं थुंकलेल्या बीतून, पण पिसा येणार नाही.

आता बी झाडावरून शेतात जाणार कशी, तर पोटातून. बुलबुल, तांबट हे छोट्या चोचीचे पक्षी, त्यांच्या घशातून जेवढं फळ जाईल तेवढंच ते गिळतात, अंजनीची बोरं त्यांच्या मापाची. जांभळासारखी मोठी बी वटवाघूळ नेतं, उदमांजर नेतं. त्याहून मोठी फळं धनेश गिळतो आणि बी लांब जाऊन टाकतो. धनेशाची मादी अंडी घालायला झाडाच्या ढोलीत शिरून स्वतःला आत लिंपून घेते आणि नर बाहेरून चिरेतून तिला भरवतो, तर तेवढी मोठी ढोली जुन्या जाडजूड झाडातच असते, आणि तशी झाडं आता राईतच राहिलीत. राईतलं एक म्हातारं पोकळ झाड "वाळलंय, काढून टाका" म्हणून काढलं की मोठ्या बियांची वाहतूक त्या खोऱ्यात थांबू शकते. आणि उंबर-नांदरूक जातीची झाडं, ती वर्षभर आळीपाळीनं पिकत राहतात, इतर कुठं काही खायला नसतं तेव्हा पाखरांना तीच जगवतात, म्हणून शेताच्या बांधावर एक जुना उंबर असला तर त्याला कृपा करून हात लावू नका, तो सगळ्या पाखरांचा स्टँड आहे.

पाखरं उघड्या गवतावर बसत नाहीत हे पण लक्षात घ्या. बुलबुल राईतून उडतो, फळ खाल्लेलं असतं, त्याला टेकायला काहीतरी हवं, तो करवंदाच्या जाळीवर टेकतो आणि तिथंच शिटतो. बी जाळीत पडते. जाळीत सावली, पाचोळा, ओल, आणि बाहेरून काटे, त्यामुळे गाय-शेळीचं तोंड आत जात नाही. चार-पाच वर्षांनी रोप जाळीच्या डोक्यावरून बाहेर येतं आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत त्याचीच सावली पडून करवंद आपोआप मागे हटतं. मामा "तिच्या पोटात बघ" म्हणाला ते हेच. आम्ही दोनशे रोपांसाठी जी जागा साफ केली ती निसर्गाची नर्सरी होती, हे लिहिताना आजही वाईट वाटतं. गेळा, रामेठा, कारवी हे सगळे याच कामाचे गडी आहेत, दिसायला काही नाही पण पहिली सावली तेच धरतात.

मग असं होत का नाही सगळीकडे? वीस वर्षं पडीक असलेल्या जमिनी अजून गवताळच का? एक कारण चराई, पण खरं मोठं कारण वणवा. फेब्रुवारीपासून मेपर्यंत आपल्या घाटात डोंगर जळतात आणि ते आपोआप पेटत नाहीत, माणसंच लावतात, कुणी वाट मोकळी करायला, कुणी विडी टाकून, आणि जुनी समजूत आहे की जाळलं की पुढच्या वर्षी गवत जोमात येतं. गवत येतं हे खरं आहे. गवताचा कोंब जमिनीच्या खाली सुरक्षित असतो, राखेचं खत मिळतं, पहिल्या पावसात हिरवंगार होतं. पण दोन वर्षांच्या अंजनीच्या रोपाला पातळ साल असते, ते एका वणव्यात जातं. कुंभ्यासारखी जाड सालीची झाडं वाचतात, म्हणून सतत जळणाऱ्या उतारांवर तेवढेच काळे पडलेले कुंभे उभे दिसतात आणि मधे सगळं गवत. पाच वर्षं रान वाढलं आणि सहाव्या वर्षी वणवा लागला की आपण परत पहिल्या वर्षात.

इथं परत तो ब्राझीलचा प्रयोग कामाला येतो. काही वर्षांनी तिथल्या गुरंवाल्यांना सरकारी मदत बंद झाली, कुरणं सोडून लोक गेले, आणि त्या सोडलेल्या कुरणांवर रान परत यायला लागलं. पण सगळीकडे सारखं नाही. जिथं जाळलं नव्हतं तिथं सेक्रोपिया नावाचं भराभर वाढणारं, छत्रीसारखं पसरणारं झाड आलं, त्याच्या सावलीत दुसरी झाडं आली, आणि निघून गेलेले पक्षी त्या रानातून परत तुकड्यांत आले. जिथं वारंवार जाळून कुरण केलं होतं तिथं व्हिस्मिया नावाचं एकच झाड माजलं, जे मुळातून परत परत फुटतं, आणि वर्षानुवर्षं तिथं दुसरं फारसं काही आलंच नाही. पाऊस तोच, शेजारचं जंगल तेच, फरक आगीचा. एका शेतात पंधरा वर्षं आग शिरू दिली नाही तर माझ्या मते ते हजार रोपांपेक्षा मोठं काम आहे, फक्त त्याचा फोटो काढता येत नाही.

तणांचं काय, हा प्रश्न हमखास येतो. घाणेरी आणि रानमोडी दोन्ही बाहेरदेशातून आलेली, पडीक शेतात माजतात, त्यांच्याखाली देशी रोपं गुदमरतात हे खरंय. पण ती एका दमात उपटायची घाई करू नये असं मला वाटायला लागलंय, आणि त्याचं कारण ऑस्ट्रेलियातली एक गोष्ट. तिथं न्यू साउथ वेल्सच्या उत्तरेला लिस्मोर गावाच्या आसपास पंच्याहत्तर हजार हेक्टरचं सलग वर्षावन होतं, बिग स्क्रब म्हणायचे त्याला. एकोणिसाव्या शतकात आधी लाकूडतोडे आले, मग दुधाच्या धंद्यासाठी लोकांनी सगळं साफ करून कुरणं केली, आणि आज त्यातलं जेमतेम एक टक्का शिल्लक आहे, तेही लहान लहान तुकड्यांत, काही राखीव क्षेत्रात तर काही कुणाच्या शेतात. पुढे दुधाचा धंदा आटला तेव्हा सोडलेल्या कुरणांवर कापराचं झाड माजलं, तेही बाहेरचंच. सगळे त्याला शिव्या देत होते, पण लक्षात आलं की त्याची फळं खायला कबुतरं येतात आणि येताना जुन्या तुकड्यांतल्या वर्षावनाच्या बिया आणून त्याच झाडाखाली टाकतात. आता तिथं काम करणारी माणसं कापराची झाडं एकदम न पाडता उभ्या-उभ्या, टप्प्याटप्प्यानं मारतात आणि खालच्या रोपांना हळूहळू उजेड देतात. आम्ही मामाच्या शेतात तेच करतोय, रोपाभोवतीची हातभर जागा दरवर्षी सप्टेंबरमध्ये मोकळी करायची, बाकी रानमोडी तशीच. रोपं वर आली की सावलीत ती आपोआप विरळ होते, तिला वाढायला ऊन लागतं.

म्हणजे झाडं लावूच नयेत का, तर तसं नाही. राई जवळ असेल तर थांबावं. जिथं जवळपास मूळ जंगलाचा तुकडाच नाही, किंवा आहे पण पार खिळखिळा झालाय, तिथं बी येणार नाही आणि लावावंच लागतं. तमिळनाडूत अनामलाईच्या डोंगरात वालपराईला चहा-कॉफीच्या मळ्यांमध्ये अडकलेले जंगलाचे तुकडे आहेत, तिथं नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशनची माणसं दोन दशकांहून जास्त काळ हेच काम करतायत, तिथल्याच जंगलातल्या बिया गोळा करून, स्वतःची नर्सरी करून, कितीतरी जातींची मिश्र लागवड. त्यात मुख्य शब्द "तिथल्याच". आम्ही कडुनिंब घेऊन गेलो होतो सहा हजार मिलिमीटर पावसात! कडुनिंब कोरड्या मुलखाचं झाड, त्याचं तिथं काय काम.

आणि उलटीही चूक होते. पुण्याच्या पूर्वेला, सासवड, सुपे, बारामतीकडचे माळ म्हणजे तोडलेलं जंगल नव्हे, ते मुळात गवताळ माळच आहेत, तिथल्या चिंकारांसाठी १९९७ साली सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य केलं, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं. तिथं खड्डे करून झाडं लावणं म्हणजे चिंकाराचं घर मोडणं. शहरातल्या टेकड्यांवर पण बघा, ग्लिरिसिडिया हे बाहेरदेशातलं झाड लावून ठेवलंय सगळीकडे, हिरवं दिसतं पण खाली दुसरं फारसं काही उगवत नाही. जागा कुठली आहे ते आधी बघायचं, खड्डा नंतर.

पाण्याबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी कारण पुण्यातल्या माणसाला तीच लगेच पटते. आपलं पिण्याचं पाणी मुख्यतः खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या चार धरणांतून येतं, आणि त्यांना पाणी देणाऱ्या आंबी, मोसे, मुठा या नद्या याच घाटमाथ्यावर उगम पावतात. जंगल पाणी तयार करत नाही, झाडं उलट पाणी पितातच. पण राईत पाऊस पानांवरून ओघळत पाचोळ्यावर पडतो, मुळांच्या आणि किड्यांच्या भोकांतून आत जातो, आणि उघड्या उतारावर तोच पाऊस माती घेऊन खाली पळतो आणि शेवटी ती माती धरणात जाऊन बसते. वाघजाईच्या राईतला झरा एप्रिलपर्यंत चालतो, मामाची आई म्हणजे माझी आजी तिथूनच पाणी आणायची. शेजारच्या उताराला दिवाळीनंतर थेंब नसतो.

राईला धोका कुऱ्हाडीचा कमी झालाय, आता धोके वेगळे आहेत. एक म्हणजे जीर्णोद्धार. लाकडी खांबांचं, कौलारू, चार माणसं बसतील एवढं देऊळ असतं, मग शहरात पैसे कमावलेली मंडळी प्रेमानं वर्गणी काढतात, स्लॅबचं मंदिर होतं, पुढे सभामंडप, फरशी, पार्किंग, गाडी यायला रस्ता, आणि त्यात राईचा मधला भागच जातो, जो मघाच्या हिशेबात सगळ्यात मोलाचा. भक्ती खरी असते, मी बघितलीये, म्हणून तिथं भांडून उपयोग नाही, मांडव राईच्या बाहेर पडीक जागेत घाला एवढं बैठकीत जाऊन आधी सांगावं लागतं, स्लॅबची खडी पडल्यावर नाही. दुसरा धोका प्लॉटिंग. जेसीबी लावून उतार सपाट करतात, गवत-झुडूप सगळं खरवडतात, मूळ सुद्धा ठेवत नाहीत. वणव्यानंतर रान परत येतं, जेसीबीनंतर मातीच उरत नाही तर येणार कशावर.

कायद्यात काय सोय आहे ते थोडक्यात सांगते. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, त्यात २००२ च्या दुरुस्तीनं समुदाय राखीव हा प्रकार आला, म्हणजे खाजगी किंवा गावाची जमीन मालकांच्या इच्छेनं राखीव करता येते, मालकी जात नाही, गावातल्यांची समिती ती सांभाळते, आणि नंतर जमिनीचा वापर बदलायचा तर समितीचा ठराव आणि राज्य सरकारची मंजुरी दोन्ही लागतं. जैवविविधता कायद्याखाली वारसा स्थळ जाहीर करता येतं, आपल्या पुण्यातलं गणेशखिंड उद्यान असंच जाहीर झालेलं आहे, आणि सिंधुदुर्गात दोडामार्गकडे बांबर्ड्याला देवराईतलं रानजायफळाचं दलदलीतलं जंगलही. पण या सगळ्याच्या आधी सातबारा काढून बघा, कारण राई कधी देवाच्या नावावर असते, कधी गावकीच्या, कधी वनखात्याच्या आणि कधी चक्क कुणा एका कुटुंबाच्या नावावर, ज्याला स्वतःलाच ते माहीत नसतं. मामाच्या बाबतीत राईतले आठ गुंठे त्याच्या सातबारावर निघाले. त्यानं ऐकलं आणि म्हणाला, "कागदावर असंल, ती जागा वाघजाई आईची हाय."

आम्ही आता काय करतो ते सांगून थांबते. जानेवारीत शेताच्या खालच्या आणि रस्त्याकडच्या बाजूनं चार-पाच मीटर रुंद जाळरेषा काढतो, म्हणजे गवत कापून, ओढून, जमीन उघडी करायची म्हणजे खालून आग आली तरी तिथं थांबते, गावातली सहा माणसं रोजंदारीवर असतात आणि आम्ही सोसायटीतले आठ-दहा जण. पहिल्या पावसानंतर शेतातली आपोआप आलेली रोपं मोजतो, चुन्याची खूण करतो. गेल्या वर्षी एकशे सदतीस भरली. निम्म्याहून जास्त करवंदीच्या आत किंवा कडेला, बाकी जुन्या बांधाच्या दगडांत, आणि राईपासून जितकं लांब जावं तितकी कमी, खालच्या टोकाला तर फक्त तीन. सगळ्यात जास्त अंजनी, मग जांभूळ, गेळा, हिरडा, थोडा उंबर.

पिसा मात्र एकही नाही. पिशाचं नर झाड वेगळं आणि मादी वेगळी असते, म्हणून या फेब्रुवारीत आम्ही राईत जाऊन एकेक झाड बघितलं, नऊ पिसे आहेत, त्यातल्या चारांना फळ धरलेलं दिसलं. म्हणजे बी आहे, खाणारी पाखरंही आहेत. शेतातली सावली अजून त्याच्या पसंतीला उतरलेली नसावी. मामानं वरच्या बांधालगतची सगळ्यात दाट जाळी दाखवून ठेवलीये, आला तर तिथंच येईल म्हणतो, जूनमध्ये आधी तिथंच वाकून बघायचंय.